गाडी कोणासाठी थांबते?

निजामपुऱ्यात माझी मावशी राहते. वडोदऱ्याच्या उत्तरेला, फत्तेगंज ओलांडून छाणी रोडला लागले की ही वस्ती. लग्न होऊन फोंड्याहून मावशी तिकडे गेली त्याला पन्नास वर्षे होत आली. मराठीत गुजराती आणि गुजरातीत कोंकणी मिसळून बोलते, पण मला बघितल्यावर अजून "आयलो रे पुता?" हेच पहिले वाक्य.

तिच्याकडे चार दिवस राहून मला पुढे उज्जैनला जायचे होते. मावसभावाने तिकीट काढून ठेवले होते. तिकिटावर चढण्याचे ठिकाण वाचले, 'छायापुरी'. मला वाटले, याने चुकून भलत्याच गावाचे तिकीट काढले! वडोदरा जंक्शन तर हाकेच्या अंतरावर. भाऊ हसला. "अरे दादा, छायापुरी आपलंच. या रस्त्याने सरळ गेलं की जकात नाका, आणि पुढे छाणी." सकाळी रिक्षावाल्याला 'छायापुरी' म्हटले तर त्याने वळून विचारले, "एटले छाणी ने?" म्हणजे स्टेशनला नवे नाव मिळाले तरी लोकांच्या तोंडी गाव अजून जुन्याच नावाने आहे.

वाचकहो, एवढ्याशा गोष्टीवरून लेख कशाला, असे तुम्हाला वाटेल. पण त्या दिवसापासून एक प्रश्न डोक्यात घोळतो आहे. गावाजवळ स्टेशन असते, रूळ असतात, गाड्याही धावतात. पण गाडी थांबते ती कोणासाठी?

आधी छायापुरीबद्दल सांगतो, म्हणजे गैरसमज नको. हे स्टेशन २०२० मध्ये वडोदऱ्याचे जोडस्टेशन म्हणून सुरू झाले आणि त्यामागची कल्पना चांगली आहे. मुंबईहून येणारी मुख्य लाइन वडोदऱ्यात फुटते. एक फाटा आणंदवरून अमदावादकडे आणि दुसरा गोध्रा-रतलामवरून उत्तरेकडे जातो. आता अमदावादहून रतलामकडे जाणारी गाडी वडोदरा जंक्शनात शिरली की तिचे तोंड मुंबईकडे होते. मग पुढचे इंजिन काढायचे, मागच्या बाजूला लावायचे, आणि गाडी उलट दिशेने बाहेर काढायची. एवढ्या वेळात फलाट अडलेला. छाणीजवळून जोडमार्गाने गाडी परस्पर वळवली तर हा खटाटोप वाचतो. वडोदऱ्याच्या प्रवाशांनी मात्र चढायला छायापुरीला यायचे. रेल्वेच्या दृष्टीने हिशेब बरोबर आहे. मलाही त्रास काही झाला नाही. मावशीच्या घरून तर ते सोयीचेच पडले.

'छायापुरी' हे नावही कुणा अधिकाऱ्याने हवेतून काढलेले नाही. जैन परंपरेत छाणीचे जुने नाव तेच. हे गाव साधे समजू नका. इथल्या जैन ग्रंथभांडारात इ. स. ११६१ ची एक सचित्र ताडपत्री पोथी आहे. सोळा विद्यादेवींची चित्रे असलेली ही पोथी पश्चिम भारतातल्या चित्रकलेचा अभ्यास करणाऱ्यांना चांगली परिचयाची. आठशे वर्षांहून जुने कागदपत्र (म्हणजे ताडपत्र) जपणारे गाव! माझ्यासारख्या सरकारी कारकुनाला, जिथे दहा वर्षांपूर्वीची फाईल सापडत नाही, तिथे हात जोडावेसे वाटतात.

तरीही हे स्टेशन छाणी गावासाठी उभे राहिलेले नाही. ते उभे राहिले वडोदरा शहराची गर्दी हलकी करण्यासाठी आणि लांबच्या गाड्यांचा वेळ वाचवण्यासाठी. गावाची जागा आणि जुने नाव घेतले, गरज मात्र शहराची. त्यात चूक आहे असे नाही. पण गावाची गरज पाहून स्टेशन बांधण्याची एक वेगळी रीत याच वडोदरा संस्थानात होऊन गेली, आणि ती मराठी माणसांनी घालून दिली होती. म्हणून हा विषय आपल्यापर्यंत येतो.

ब्रिटिशांच्या बी. बी. अँड सी. आय. कंपनीची रेल्वे १८६१ मध्ये वडोदऱ्याला पोचली. लगेच पुढच्याच वर्षी, १८६२ मध्ये, खंडेराव गायकवाडांनी मियागाम ते डभोई अशी स्वतःची रेल्वे सुरू केली. रूळ अडीच फूट रुंदीचे. आणि गाडी ओढायला काय? तर बैल! हसू नका. रूळ इतके हलके होते की इंजिनाचे वजन त्यांना पेलत नव्हते. १८७३ मध्ये जड रूळ घातले आणि त्यानंतर तिथे इंजिने रुळली. हिंदुस्थानातली ही पहिली नॅरोगेज, आणि एखाद्या संस्थानाच्या मालकीची पहिली रेल्वेही हीच.

डभोई म्हटले की आपल्याला आठवते १७३१ ची लढाई, थोरले बाजीराव आणि त्र्यंबकराव दाभाडे यांची. मराठ्यांनी मराठ्यांशी केलेली. त्याच डभोईतून पुढे गायकवाडांनी चहू दिशांना छोट्या गाड्या सोडल्या. चांदोद, बोडेली, छोटा उदेपूर, मियागाम, वडोदऱ्याचे गोयागेट... आशियातले सर्वांत मोठे नॅरोगेज जंक्शन म्हणून डभोईचे नाव सांगितले जाई. यातला बराच विस्तार सयाजीराव महाराजांच्या काळातला. १९१३ मध्ये सुरू झालेली बिलिमोरा-वघई ही ६३ किलोमीटरची लाइन तर डांगच्या जंगलाच्या तोंडापर्यंत नेलेली.

गायकवाडांनी हे सारे निव्वळ परोपकारासाठी केले, असे मी म्हणणार नाही. कापसाचा मुलूख होता, अमेरिकेतल्या यादवीमुळे त्या वेळी कापसाला सोन्याचा भाव आला होता. वघईकडचे लाकूड काढायचे होते. राज्याला उत्पन्न हवे होते. पण ज्या राजाने १९०६ मध्ये सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, १९१० पासून खेड्यापाड्यांत वाचनालये नेली, त्याच्या कारभारात गावापर्यंत जाणारी आखूड पल्ल्याची गाडी एका मोठ्या विचाराचा भाग होती. शाळा गावात, पुस्तक गावात, आणि गाडीही गावात. गाडी हळू चालायची, पण थांबायची.

या थांबण्याची किंमत मला मावशीने सांगितली. लग्नानंतर दोनेक वर्षांनी तिच्या सासऱ्यांच्या अस्थी घेऊन घरचे सगळे चांदोदला गेले होते. नर्मदा आणि ओरसंग यांचा संगम, आपल्याकडे नाशिक-गोकर्णाला जातात तसे तिकडचे लोक तिथे जातात. डभोईहून छोट्या गाडीने. "डब्यात माणसां कमी आणि गांठोडीं चड," मावशी म्हणाली. दुधाच्या बरण्या, भाजीच्या टोपल्या, एकाच्या मांडीवर तर बकरीचे पिल्लू. दर पाच-सात मिनिटांनी गाडी थांबायची. कोणी चढायचे, कोणी उतरायचे. मावशीला तेव्हा त्या थांबण्याचा कंटाळा आला होता. आता म्हणते, "त्या गाडीन ल्हान मनशाकूय हात दाखयल्यार थांबपाची सवंय आशिल्ली."

या वेळी मावशीला घेऊन गरुडेश्वरलाही जाऊन आलो. टेंबे स्वामींची समाधी तिथे आहे. स्वामी आपल्या शेजारच्या माणगावचे, सावंतवाडीच्या मुलखातले, आणि १९१४ मध्ये त्यांनी देह ठेवला तो तिकडे नर्मदाकाठी. सारा भारत पायी फिरलेला हा संन्यासी, त्यामुळे त्यांना गाडीच्या थांब्याची चिंता नव्हती. आम्हाला होती! प्रतापनगरहून एकतानगरची गाडी घेतली. १७ जानेवारी २०२१ रोजी डभोई-चांदोद ही ब्रॉडगेज झालेली लाइन आणि चांदोद-केवडिया ही नवी लाइन यांचे उद्घाटन झाले. सरदार पटेलांच्या पुतळ्यामुळे केवडियाला देशाच्या कानाकोपऱ्यांतून थेट गाड्या मिळाल्या. रूळ रुंद, डबे स्वच्छ, वीज आलेली. छोटी गाडी गेली म्हणून मी रडत बसणार नाही. अडीच फुटी रुळांवर म्हातारीचे गुडघे हिंदकळत नेण्यात कसली आली संस्कृती? ब्रॉडगेज हवेच.

माझे म्हणणे वेगळे आहे. रूळ रुंद होताना थांबे अरुंद होत जातात, त्याचे काय?

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे देशभरातल्या प्रवासी गाड्या बंद झाल्या. त्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा कित्येक पॅसेंजर गाड्या 'स्पेशल' किंवा 'एक्स्प्रेस' होऊन परतल्या. गाडी तीच, वेग जवळपास तोच, पण कमीत कमी भाडे दहाचे तीस रुपये. ते पुन्हा दहा व्हायला फेब्रुवारी २०२४ उजाडले. नव्या वेळापत्रकात अनेक छोटे थांबे गेले ते गेले. गायकवाडी नॅरोगेजचे तर आणखी विचित्र झाले. २०१८ मध्ये रेल्वेने ठरवले की डभोई-मियागाम, बिलिमोरा-वघई यांसह गुजरातमधल्या पाच छोट्या लाइन वारसा म्हणून जपायच्या. आणि २०२० च्या डिसेंबरात हुकूम निघाला की परवडत नसलेल्या शाखा बंद करायच्या. त्यात बिलिमोरा-वघईचेही नाव! लोकांनी ओरड केली तेव्हा कुठे ती गाडी सप्टेंबर २०२१ मध्ये पुन्हा धावली. दोन वर्षांत एकच वस्तू 'वारसा' आणि 'तोटा' अशी दोन्ही ठरली. वारसा म्हणजे प्रतापनगरच्या संग्रहालयात रंगवून ठेवलेले इंजिन, एवढाच अर्थ असेल तर मग प्रश्नच मिटला.

आता 'परवडत नाही' या शब्दाविषयी. हा शब्द फाईलवर कसा येतो ते मला थोडेफार माहीत आहे. वीस वर्षे शेरे लिहिण्यातच गेली. 'उत्पन्न नगण्य, सबब बंद करण्यास हरकत नाही' हे वाक्य लिहायला अर्धा मिनिट लागतो. ते उत्पन्न मोजले कसे, हे कोणी विचारत नाही.

समजा, एका खेड्यातला माणूस सकाळी गावच्या स्टेशनवर गाडीत चढून शहरात जातो आणि संध्याकाळी परत येतो. जातानाचे तिकीट गावच्या खिडकीवर काढले तर ते गावच्या खाती. येतानाचे तिकीट तो शहरातच काढणार, ते शहराच्या खाती. म्हणजे त्याच्या अर्ध्या प्रवासाचा पैसा गावच्या वहीत कधी दिसतच नाही. शहरात नोकरी करणाऱ्याने शहरात पास काढला तर सगळाच गेला. त्यातून गावची खिडकी बंद असली किंवा कमिशनवरचा माणूस आलाच नाही तर जातानाचेही गेले. वर्षाअखेरीला वही सांगते की या स्टेशनवर माणसेच नाहीत!

पुढची गंमत पाहा. स्टेशनवर कोणत्या सोयी द्यायच्या हे स्टेशनच्या प्रतवारीवर ठरते. पूर्वी ही प्रतवारी 'ए-वन' पासून 'एफ' पर्यंत होती, २०१७ पासून नवे वर्ग आले. पण कसोटी मुख्यतः तीच, उत्पन्न आणि प्रवाशांची संख्या. वरच्या वर्गाला सरकते जिने, खालच्या वर्गाला जेमतेम नळ, दिवा, थोडेसे छप्पर आणि रुळांच्या पातळीवरचा फलाट. उत्पन्न कमी म्हणून सोय कमी. सोय कमी म्हणून माणसे बसकडे वळतात. माणसे वळली म्हणून उत्पन्न आणखी कमी. मग थांबा रद्द. यात कोणाचाही दुष्टपणा नाही, सगळे नियमाप्रमाणेच चाललेले असते. आणि म्हणूनच ते थांबवणे कठीण.

अशाच एका छोट्या स्टेशनवर (नाव कशाला लिहू?) मी भर पावसात वडिलांना घेऊन उतरलो होतो. डबा फलाटाच्या पुढे जाऊन थांबला. पायरी आणि जमीन यांत माझ्या कमरेइतके अंतर. वडिलांना मी आणि एका अनोळखी मुलाने अक्षरशः उचलून खाली घेतले. छत्री उघडेपर्यंत गाडी गेलीही. वडील एवढेच म्हणाले, "पुढच्या खेपेला बसने येऊ." त्या दिवशी त्या स्टेशनचा एक प्रवासी कमी झाला. त्याची नोंद कुठल्याच वहीत झाली नसेल.

आता आपल्या घरी येतो. गोव्याची रेल्वे गायकवाडांच्या रेल्वेसारखी गावांकडे बघून बांधलेली नव्हती. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारातून ती आली आणि १८८८ मध्ये मुरगावपासून घाटापलीकडे जोडली गेली. हेतू एकच, देशावरचा माल मुरगाव बंदराला आणायचा. त्या करारापायी आपल्या मिठागरांवर इंग्रजांचा ताबा आला, मीठ पिकवणारी कुटुंबे बुडाली. माल अपेक्षेइतका आलाच नाही, ती गोष्ट वेगळी. १९५५ मध्ये नाकेबंदीत सरहद्दीपलीकडची गाडीही बंद पडली आणि मुक्तीनंतरच सुरू झाली. पण चांदर, सावर्डे, काले, कुळे या गावांनी त्या मालाच्या लाइनला हळूहळू आपलेसे केले. बंदरासाठी घातलेल्या रुळांवरून बाजाराला, शाळेला, नोकरीला जाणारी माणसे जाऊ लागली. स्टेशन असे गावचे होते, लोकांच्या वापराने.

आज गोव्यात रेल्वेवर जेवढी चर्चा होते ती कशावर? दुपदरीकरणावर आणि कोळशावर. २०२० च्या नोव्हेंबरात चांदरला लोक रात्री रुळांवर जमले. २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक-कुळे दुपदरीकरणाला दिलेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. ही लढाई महत्त्वाचीच आहे. पण या सगळ्या गदारोळात एक साधी मागणी मी फारशी ऐकली नाही. ती म्हणजे काले स्टेशनवर सकाळी कामाच्या वेळेला आणि संध्याकाळी परतीच्या वेळेला गाडी थांबलीच पाहिजे, ही. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण सुरू झाली तेव्हा आपल्याला केवढे अप्रूप वाटले होते! मुंबई एका रात्रीवर आली. पण पेडण्याच्या माणसाला काणकोणला जायला ती किती उपयोगी पडते, याचा हिशेब आपणही कधी मागितला नाही. दोष केवळ रेल्वेला देऊन चालणार नाही. आपल्यालाही गाडी म्हटले की मुंबई आठवते, शेजारचा गाव आठवत नाही.

मला काय हवे ते थोडक्यात सांगतो. एक, छोट्या स्टेशनचे उत्पन्न खिडकीवर विकलेल्या तिकिटांवरून मोजू नका. तिथे चढणारी आणि उतरणारी माणसे मोजा. दोन, पाणी, दिवा, छप्पर, शौचालय आणि डब्याच्या पायरीला पोचेल एवढा उंच फलाट या सोयी प्रतवारीवर ठेवू नका. सरकत्या जिन्याला प्रतवारी लावा, तहानेला नको. तीन, जिथे रूळ आहेत आणि गाव आहे तिथे दिवसातून निदान दोन वेळा, शाळा-कचेरीच्या वेळा धरून, दोन्ही दिशांना गाडी थांबू द्या. वेळ जाईल, मान्य आहे. पण छायापुरीसारख्या जोडमार्गांनी लांबच्या गाड्यांची वाचलेली मिनिटे असतात ना, त्यातली दोन मिनिटे गावाच्या वाट्याला आली तर बिघडले कुठे?

ज्या वडोदऱ्यात रेल्वेच्या अधिकाऱ्यांना शिकवण्याची मोठी संस्था गायकवाडांच्या प्रतापविलास राजवाड्यात भरते, तिथे हा धडा शिकवणे अवघड जाऊ नये. राजवाडा बांधणाऱ्यांच्याच गाड्या आसपासच्या खेड्यांत थांबत होत्या.

उज्जैनची गाडी वेळेवर आली. मावसभाऊ सोडायला आला होता. माझ्या डब्यात चढताना एक म्हातारे गृहस्थ, हातात कापडी पिशवी, भावाला गुजरातीत विचारत होते, ही गाडी पिलोलला थांबेल का? पिलोल म्हणजे छाणीच्या पुढचेच गाव. भावाने मान हलवली, "नहीं काका, आ तो सीधी गोध्रा बाजू." म्हातारे काही न बोलता मागे सरले आणि बाकावर जाऊन बसले. गाडी सुटली तेव्हा खिडकीतून पाहिले, ते तिथेच बसले होते, पुढच्या गाडीची वाट बघत.